परदेशातल्या विशेष शाळेत शिकवायला जाण्याआधी

विशेष बी.एड. झालेल्या शिक्षिकेने वर्षभर परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवायचं ठरवलं, की घरात पहिली चर्चा तिकिटाची आणि थंडीच्या कपड्यांची होते. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की त्या शाळेला तिची गरज नेमकी कशासाठी आहे.

कोण कोणाला घेतं

अमेरिकेची पीस कोअर (1961) फक्त अमेरिकन नागरिकांना पाठवते आणि जपानची सरकारी योजना (1965) जपान्यांना, त्यामुळे ही दोन्ही दारं आपल्याला बंद. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम मात्र सगळ्यांना खुला आहे. त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. ‘स्पेशलिस्ट’ गटातल्या स्वयंसेवकासाठी वयाची किमान अट 27 वर्षांची आहे. पगार नसतो, पण निर्वाहभत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो.

ब्रिटनची व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था 1958 मध्ये सुरू झाली, तेव्हा नुकतीच शाळा संपवलेली मुलं पाठवत असे. पुढे तिने मोर्चा अनुभवी व्यावसायिकांकडे वळवला. नुसता उत्साह घेऊन आलेला तरुण परक्या वर्गात पहिले काही महिने मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो, असं माझं मत आहे.

कॅम्पहिलचं प्रकरण वेगळं. नाझींमुळे व्हिएन्ना सोडावं लागलेले बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग यांनी 1940 मध्ये स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ दिव्यांग मुलांसोबत राहण्याचा हा प्रयोग मांडला. आज असे समुदाय अनेक देशांत आहेत. स्वयंसेवक दिव्यांग मुलामाणसांच्याच घरात राहतात. स्वयंपाक, बागकाम, अंघोळी, जेवण भरवणं, सगळं त्यात आलं. बदल्यात राहणं, खाणं आणि हातखर्च. ‘मी शिक्षक आहे, लंगोट बदलायला आलेलो नाही’ असं वाटणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

खुणांची भाषा जगभर एक नसते

कर्णबधिर मुलांच्या शिक्षकाने हे आधी डोक्यात पक्कं करावं. आपल्याकडे इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात, ब्रिटिश पद्धतीसारखी: ‘ए’साठी उजव्या तर्जनीने डाव्या अंगठ्याचं टोक, ‘ई’साठी डाव्या तर्जनीचं. अमेरिकन पद्धतीत सगळी मुळाक्षरं एकाच हातावर. घानाची आजची सांकेतिक भाषाही अमेरिकन वळणाची आहे, आणि त्यामागे एक स्वयंसेवी वृत्तीचा शिक्षकच आहे.

अँड्र्यू फोस्टर स्वतः कर्णबधिर होते. कर्णबधिरांच्या गॅलॉडेट कॉलेजातून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. 1957 मध्ये त्यांनी घानात शाळा काढली आणि पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत. ज्यांना शाळेचं दारही दिसलं नसतं अशी मुलं त्यामुळे शिकली. पण त्याच घानात आडामोरोबे नावाचं गाव आहे. तिथे आनुवंशिक बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि गावाची स्वतःची खुणांची भाषा आहे, ऐकू येणाऱ्यांनाही येणारी. गावातली कर्णबधिर मुलं शाळेत जाऊन अमेरिकन वळणाची भाषा शिकली आणि गावची भाषा मागे पडत गेली. फोस्टर यांचं काम याने लहान होत नाही. पण बाहेरून जाणाऱ्याने आपल्या खुणा मुलांवर लादण्याआधी तिथल्या मोठ्या कर्णबधिर माणसांकडून शिकून घ्यावं. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत तर केनियन सांकेतिक भाषेचा उल्लेखच आहे.

दृष्टिहीन मुलांना शिकवणाऱ्याची सुटका त्या मानाने लवकर होते. ब्रेलचे सहा ठिपके सगळीकडे तेच. तरी गणितात फसगत होतेच: आपल्याकडे रुळलेली नेमेथ पद्धत ब्रिटनमध्ये चालत नाही, तिथे अंक आणि चिन्हं वेगळ्या ठिपक्यांनी लिहितात. टेलर फ्रेमवर, म्हणजे खिळा आठ दिशांनी फिरवून आकडे मांडायच्या पाटीवर, ज्यांचा हात बसलाय त्यांनी अ‍ॅबॅकसचाही सराव करून जावं.

कागदपत्रं

भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू हवी. ती पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात, तेव्हा मुदत मध्येच संपत नाही ना, ते पाहा. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. मुलांसोबत काम करणाऱ्याकडे ते मागत नसतील, तर त्या शाळेबद्दलच शंका घ्यावी.

ब्रिटनचा स्वयंसेवकांसाठीचा व्हिसा जास्तीत जास्त 12 महिन्यांचा असतो. त्यासाठी तिथल्या संस्थेचं प्रायोजकत्व लागतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर भारतीयांना क्षयरोगाची तपासणीही करावी लागते. साध्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत 30 दिवसांपर्यंत काम चालतं, पुढे नाही.

होकार देण्याआधी विचारा

स्वयंसेवकाकडूनच भरमसाट पैसे घेऊन दोन आठवडे ‘शिकवण्याचा अनुभव’ विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. स्वमग्न मुलाला नव्या माणसाचा आवाज, वास, बसायची जागा सवयीची व्हायलाच तेवढे दिवस लागतात. मग तो माणूस जातो आणि पुढच्या सोमवारी दुसरा येतो. अनाथाश्रमांत तर ही ये-जा मुलांना घातकच ठरते.

म्हणून थेट विचारा: माझ्याआधी हे काम कोण करत होतं? वर्गात माझ्यासोबत स्थानिक शिक्षक पूर्णवेळ असेल का? प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कोण लिहितं, आणि कोणत्या भाषेत? मी गेल्यावर तो पुढे कोण चालवणार? शेवटच्या प्रश्नाला ‘पुढचा स्वयंसेवक’ असं उत्तर आलं, तर दुसरी शाळा शोधा.