कुंपणावरची घाणेरी : पोरांना आणि गुरांना जपा

पालीला रस्ता फुटतो. मुंबई-गोवा महामार्ग लांज्याकडे जातो आणि कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटाकडे. दोन्ही रस्त्यांच्या कडेला, मातीच्या भरावावर, सड्याच्या उतारावर आणि आपल्या वाड्यांच्या कुंपणावर एक काटेरी झुडूप माजलेले दिसते. फुलांचे छोटे गुच्छ, कुठे गुलाबी-पिवळे, कुठे केशरी-तांबडे. हीच घाणेरी. काही जण टणटणी म्हणतात. नावानेच कुणाला घाणेरडे ठरवायची रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे, म्हणून हे नाव उच्चारताना आम्हाला जरा अडखळायला होते. पण इथे ते पानाच्या उग्र वासावरून पडले आहे, एवढेच.

ही मूळची आपल्याकडची नव्हे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उबदार डोंगरउतारांवरची. इंग्रजांच्या काळात, १८०९ च्या सुमारास, शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पुढे बुलबुलासारख्या पक्ष्यांनी फळे खाऊन तिचे बी देशभर पसरवले. जिथे झाड तुटले, माती उघडी पडली, तिथे ती आधी पोचते. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्या माणसांनी तिचे कुंपण केले. गरिबाचे फुकटातले कुंपण. त्यात चूक काही नाही. पण ते गोठ्याला आणि अंगणाला लागून असेल तर त्याचे गुण माहीत हवेत.

आधी गुरांचे सांगतो, कारण खरे नुकसान तिथे होते. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर चारा उरत नाही. भुकेले जनावर, किंवा बाजारातून नवीन आणलेले, घाणेरीचा पाला खाते. पाल्यातले विष यकृतावर मार करते. पित्ताची वाट अडते आणि कावीळ होते. जनावर चारा सोडते, रवंथ थांबते, शेण घट्ट होते, लघवी गडद पिवळी दिसते, डोळे पिवळे पडतात. ते उन्हातून सावलीत पळते; उन्हात राहिले तर नाकपुडी, सड आणि अंगावरची पांढरी कातडी लाल होऊन सोलते. गाय, म्हैस, मेंढी यांना जास्त धोका. शेळीला तुलनेने कमी, पण तिलाही होतो. पाला वाळला तरी विष जात नाही, तेव्हा पेंढ्यात तो मिसळू देऊ नका.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जनावराने पाला खाणे थांबवले तरी पोटात राहिलेल्या पाल्यातून विष अंगात भिनतच राहते. म्हणून ‘दोन दिवस बघू’ म्हणण्यात जीव जातो. जनावर सावलीत बांधा, पाणी पुढे ठेवा आणि १९६२ या नंबरवर पशुवैद्यकाला बोलवा. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातही गाय पडली की ‘कुणीतरी नजर लावली’, ‘जागेवाल्याचे काही राहिले’ ही भाषा कधीकधी ऐकू येते. नारळ-कोंबड्यात जाणारे पैसे आणि त्याहून मोलाचा एक दिवस डॉक्टरकडे वळवा. एक दुभती गाय म्हणजे पोरांच्या वह्यापुस्तकांचा खर्च असतो.

आता पोरांचे. घाणेरीची फळे आधी हिरवी, पिकली की निळी-काळी होतात. पोरे ती खातात, फुलांतला मध चोखतात. एखाद-दुसरे पिकलेले फळ खाल्लेल्या बहुतेक मुलांना काही होत नाही, त्यामुळे घाबरून मारझोड नको. हिरवी फळे मात्र धोक्याची. उलट्या, जुलाब, अंगात त्राण नसणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणे, श्वास मंद होणे, यांतले काही दिसले तर थांबू नका. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकवू नका. गुंगीतल्या मुलाच्या फुप्फुसात ओकारी जाऊ शकते. तोंड पुसा, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, लागल्यास १०८ ची गाडी बोलवा. जाताना फळांसकट एक फांदी सोबत घ्या. काय खाल्ले हे डॉक्टरला डोळ्यांनी दिसते.

आणखी एक काळजी आहे ती काढ्याची. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत अमुक पाल्याचा काढा तापावर, तमुक कावीळीवर असे रोज येते, आणि त्यात घाणेरीही असते. विहारात आपण जीवकाची गोष्ट ऐकतो. गुरूने त्याला तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषध नसलेली वनस्पती आणायला सांगितली आणि तो रिकाम्या हाताने परतला. ती गोष्ट सांगून ‘बघा, प्रत्येक पाला औषधच’ असा अर्थ काढणारे भेटतात. जीवक त्याआधी सात वर्षे शिकला होता, हे ते विसरतात. कुठला पाला, किती, कुणाला, हे कळायला ती सात वर्षे लागली. जे पान गाईचे यकृत बिघडवते त्याचा काढा कावीळ झालेल्या माणसाला पाजणे म्हणजे आगीत तेल. डासांसाठी बंद खोलीत हा पाला जाळणेही नको. दमेकऱ्याला आणि तान्ह्याला तो धूर सोसत नाही. मच्छरदाणी बरी.

गोठ्याजवळची आणि अंगणवाडीच्या वाटेवरची घाणेरी काढायची असेल तर आगोटीआधी चार घरांनी मिळून काढा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. जाळीत आधी काठी आपटा, आत फुरसे किंवा विंचू असू शकतो. नुसते वरून छाटले तर ती दुप्पट फुटते. माती बाजूला करून खोडाच्या खाली दोन-तीन बोटे आत मूळ तोडा आणि झुडूप उलटे करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. रिकाम्या जागी लगेच निर्गुडी लावा. मातीत जुने बी असतेच, तेव्हा पाऊस सरला की नवी रोपे हाताने उपटायला एक फेरी मारावी लागेल.