मावळांतील मुलांची खुंटलेली वाढ व मातांची अडचण

लोणावळें, वडगांव येथील व्यापारी, जमीनदार व इतर दातृवर्ग यांस सविनय निवेदन कीं, मूल खुरटतें तें केवळ आईच्या अज्ञानानें, हा समज यथार्थ नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें ठेंगणीं आढळलीं.

गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ वाढीस निर्णायक होय. पहिले सहा महिने अंगावरचें दूधच पुरेसें असतें. पुढें तें चालू ठेवून मऊ भात, वरण, नाचणी, अंडें दिवसांतून अनेकदां भरवावें लागतें. परंतु अंदर, नाणे व पवन मावळांत आषाढांत दिवसभर भातलावणीस वांकलेल्या, किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आईस तितकी फुरसत कोठून? मजुरी बुडाली तर चूल पेटत नाहीं. गांव सोडलें तर अंगणवाडीचा आहार तुटतो. गढूळ पाण्यानें हगवण लागली तर खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. शिवाय पुष्कळ घरीं पैसा तिच्या हातीं नसतो व ती स्वतः सर्वांमागून जेवते.

सबब धान्याबरोबरच बांधावर व भट्टीवर पाळणाघर, स्वच्छ पाणी आणि बाळंतिणीस मजुरीसह विसावा यांची तजवीज व्हावी. आईस उपदेश पुष्कळ मिळाला. आतां हातभार हवा.