एक खेळ, दोन संघ

मीरा-भाईंदर हे आपल्या ठाणे जिल्ह्यातील दाटीने वसलेले शहर आहे. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा आणि दक्षिणेस मुंबई. जेथे पूर्वी मिठागरे आणि भातखाचरे होती, तेथील पुष्कळशा जागेवर आज उंच इमारती उभ्या आहेत. अशा गावात मोकळे मैदान ही मोठी दुर्मीळ वस्तू होय. तरीही संध्याकाळी जेथे थोडी जागा सापडेल तेथे मुले चेंडू घेऊन जमतात आणि फुटबॉलचा डाव रंगतो.

या भागातील एका शाळेत मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. आठवीतील एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात दोन कागद होते. एक शाळेच्या आंतरशालेय सामन्याची सूचना, तर दुसरा तो ज्या क्लबात खेळे त्या क्लबच्या सामन्याचा. दोन्ही सामने एकाच शनिवारी होते.

"सर, मी कुठे जाऊ?" त्याने विचारले.

"त्यात विचारायचे काय? शाळेचे नाव आधी!" मी चटकन म्हणालो.

तो काहीतरी बोलू पाहत होता. पण मान हलवून निघून गेला. त्या प्रसंगाकडे आपण पुन्हा वळूच. तत्पूर्वी या दोन संघांत भेद कोणता, हे समजून घेऊ.

शाळेचा संघ शाळेतल्याच मुलांचा असतो. जो उत्तम खेळतो तोही त्यात असतो आणि ज्याला गोलरक्षणास दुसरे कोणी मिळाले नाही म्हणून उभे केले, तोही असतो. त्यांचा वर्ग एक, घंटा एक, डबा खाण्याची जागाही एकच. या संघात खेळण्यास निराळी फी सहसा द्यावी लागत नाही. म्हणून ज्याच्या घरी बूट घेण्यापुरतेच पैसे कसेबसे जमतात, त्यालाही येथे जागा असते. शालेय स्पर्धा आधी महानगरपालिकेच्या अथवा जिल्ह्याच्या पातळीवर, मग विभागात आणि मग राज्यात होतात. भारतीय वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची सुब्रतो चषक स्पर्धा १९६० साली दिल्लीत सुरू झाली. देशातील शाळांचे संघ तिच्यात खेळतात. आपल्या शाळेचे नाव तेथवर न्यावे, असे स्वप्न अनेक मुले पाहतात.

परंतु शालेय स्पर्धांत एक उणीव आहे. त्या बहुधा बाद पद्धतीने खेळविल्या जातात, म्हणजे जो संघ हरला तो स्पर्धेबाहेर गेला. बत्तीस संघांची स्पर्धा असेल, तर एकूण सामने एकतीस होतात. पैकी सोळा संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. विजयी संघाच्या वाट्यालाही पाचच सामने येतात. वर्षभर सराव करावा आणि एका तासात सारे संपावे, असे कित्येक मुलांच्या बाबतीत घडते.

क्लबची रीत निराळी आहे. क्लबात मुले वेगवेगळ्या शाळांतून येतात आणि खेळ पाहून त्यांची निवड होते. वयाप्रमाणे त्यांचे गट पाडतात. प्रशिक्षक फुटबॉलचेच शिक्षण घेतलेला असतो. चेंडू पायात कसा थोपवावा, तो नसताना कोठे धावावे, हे तो वर्षभर शिकवितो. क्लबचे सामने पुष्कळदा साखळी पद्धतीचे असतात. साखळीत आठ संघ असतील, तर प्रत्येकाला सात सामने मिळतात आणि दोन फेऱ्या झाल्या तर चौदा. आज हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात आपली चूक सुधारता येते. खेळ शिकण्यास याहून चांगली सोय नाही.

मात्र या सोयीला मोल पडते. क्लबची फी, गणवेश, बूट आणि प्रवास हा खर्च घरच्यांना करावा लागतो. मैदान नसेल तेथे कृत्रिम हिरवळीची जागा तासाच्या भाड्याने घ्यावी लागते. सामना दूर असला, तर पहाटेची लोकल गाडी गाठावी लागते आणि बरोबर वडिलांना किंवा ताईला यावे लागते. ज्या घरी हे जमत नाही, तेथील मुलगा कितीही चपळ असला, तरी क्लबच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

क्लब म्हटला की तो पैशांवरच चालतो, असे मात्र समजू नका. कोल्हापुरात पहा. तेथे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ असे संघ आहेत. कुस्तीच्या तालमींच्या नावांनी हे संघ फुटबॉल खेळतात. तेथे संघ हा पेठेचा असतो आणि सामन्याच्या दिवशी सारी पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे गुणी मुलाला पुढे जाण्यास शाळेखेरीज दुसऱ्या वाटाही लागतात.

मग दोहोंपैकी एकच निवडावे काय? अमेरिकेत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तेथील फुटबॉल महासंघाने २००७ साली निवडक क्लबांसाठी एक योजना काढली. २०१२ साली तिचा हंगाम दहा महिन्यांचा झाला आणि त्यात खेळणाऱ्या मुलांना आपल्या शाळेच्या संघातून खेळण्याची मनाई झाली. सराव वाढला, सामन्यांचा दर्जाही वाढला. पण वर्गमित्रांसमोर शाळेचा गणवेश घालून उतरण्याचा आनंद त्या मुलांना सोडावा लागला. ती योजना २०२० साली बंद झाली.

मनाई केली तर एक आनंद जातो, हे खरे. पण मनाई नसली आणि कोणी हिशेबच ठेवला नाही, तर काय होते, हे मी त्या शनिवारी पाहिले. आमचा मुलगा शाळेकडून खेळला. उत्तरार्धात तो लंगडू लागला आणि अखेर टाच धरून खालीच बसला. चौकशी केली, तेव्हा कळले की पंधरा दिवस त्याची टाच दुखत होती. सकाळी शाळेचा सराव आणि संध्याकाळी क्लबचा, असा त्याचा क्रम होता. त्यात एकही दिवस विश्रांतीचा नव्हता. संघातील जागा जाईल, या भीतीने त्याने दोन्हीकडे दुखणे लपविले होते. माझ्या दाराशी तो कदाचित तेच सांगायला थांबला होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितले, "या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला वाढीची मऊ कूर्चा असते. पोटरीचे स्नायू जाड कंडरेने टाचेला जोडलेले असतात. सतत धावण्याने आणि उड्यांनी ती कंडरा कूर्चेला ताणते आणि तिला सूज येते. आता याला काही आठवडे खेळ बंद." वाढत्या वयाच्या खेळाडूने आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या क्रीडाशिक्षकांना आणि त्या क्लबच्या प्रशिक्षकांना एकत्र बोलाविले. एक वर्षभर दोघेही एकाच मुलाला शिकवीत होते. पण त्यांची एकमेकांशी भेट त्या दिवशीच प्रथम झाली! आम्ही एक साधी वही केली. मुलाने रोज कोठे आणि किती वेळ खेळले, काही दुखते काय, हे तीत लिहावे आणि दोघांनी ती पाहून सही करावी, असे ठरले. सामने एकाच दिवशी आले, तर दोघांनी आपसांत बोलून निर्णय घ्यावा. मुलाला त्या पेचात टाकू नये, हेही ठरले.

टाच बरी झाल्यावर तो पुन्हा दोन्ही संघांतून खेळू लागला. क्लबात शिकलेली एक युक्ती तो मधल्या सुट्टीत आमच्या गोलरक्षकाला शिकवीत असे. त्या गोलरक्षकाने क्लब कधी पाहिलाही नव्हता.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी शाळेकडून खेळत असेल, कोणी क्लबकडून, कोणी दोहोंकडून. जेथे खेळाल तेथे मन लावून खेळा. पण दुखत असेल तर ते लगेच आणि स्पष्टपणे सांगा. त्यात कमीपणा नाही. आणि आम्हा वडीलधाऱ्यांसाठीही एक गोष्ट मी त्या शनिवारी शिकलो. मूल प्रश्न विचारायला दाराशी आले, तर उत्तर देण्यापूर्वी त्याला आत बोलवावे, बसवावे आणि त्याचे सारे बोलणे ऐकून घ्यावे.