चार मीटरच्या आत कोंडलेली ताकद

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्या स्वस्त झाल्या म्हणून सगळीकडे आनंद होता. मला मात्र कराच्या दरांचा तक्ता बोचला. चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत. 1500 सीसीची लांब सेडान 40 टक्क्यांत. आधी हेच दर सेस धरून 29 आणि 45 होते. कर दोघींचा उतरला, पण दरी 16 वरून 22 वर गेली.

ती का बोचते हे सांगायला थोडं मागे जावं लागेल, पण अँबेसेडर-पद्मिनीच्या दशकांत रेंगाळण्यासारखं काही नाही. आमचं दशक 2000 नंतरचं. होंडा सिटीचं दीड लिटरचं व्हीटेक इंजिन टर्बोशिवाय 106 अश्वशक्ती द्यायचं. नव्याकोऱ्या एक्स्प्रेसवेवर मित्राच्या सिटीचा आरपीएमचा काटा पाच हजारांपुढे गेला, की इनटेक व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडायचे, इंजिनाचा सूरच बदलायचा, पाठ सीटला चिकटायची. 2003 मध्ये नवी सिटी आली. इंजिन दीड लिटरचंच, सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लग आणि ताकद 77! ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नाने एका सुंदर इंजिनाचा बळी घेतला.

लगेच 2004 मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेली ऑक्टाव्हिया आरएस आली. 1.8 लिटर टर्बो, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. युरोपात तिला 180 होती. तरीही आमची छाती फुगली होती.

मग 2006 चा अर्थसंकल्प. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं आणि इंजिनिअरांच्या हाती मोजपट्टी आली. 2008 मध्ये इंडिगोची डिकी कापली, 2012 मध्ये डिझायरची.

प्रदूषणाच्या नियमांवर माझा राग नाही. 2020 च्या बीएस-6 नंतरही चाकणच्या स्लाव्हिया आणि व्हर्टस 1.5 लिटर टर्बोतून 150 अश्वशक्ती काढतात. जुन्या आरएसइतकी, 300 सीसी कमी असताना. धुराच्या नियमाने इंजिन हुशार झालं. कराच्या पट्टीने मात्र ते खुरटवलं, आणि त्या पट्टीचा हवेशी संबंध नाही. कर घ्यायचाच तर किलोमीटरमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्यावर घ्या, डिकीच्या लांबीवर कशाला?

2023 मध्ये ऑक्टाव्हिया इथून गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये आरएस परतली ती 265 अश्वशक्तीची, पण थेट परदेशातून आयात होऊन. किंमत पन्नास लाखांच्या घरात, गाड्या फक्त 100. शेंद्र्याच्या वाट्याला त्यातली एकही जुळणी नाही.