आजोबांचं ताट अर्धं परत येतंय?

'आता या वयात किती खाणार?' असं म्हणत घरातलं कुणीतरी ताट उचलतं आणि विषय तिथेच मिटतो. वयानुसार भूक थोडी कमी होते, हे खरंच आहे. जठर सावकाश रिकामं होतं, वास-चव मंदावते. पण एरवी तीन पोळ्या खाणारा माणूस दोन महिन्यांत एकीवर आला, तर त्याचं खापर वयावर फोडून चालत नाही.

आधी ताटच नीट बघावं. भाकरीचे कडक काठ बाजूला काढलेत, काकडीला हात नाही, पण वरणभात संपलाय? मग भूक शाबूत आहे, कवळी टोचतेय किंवा दात दुखतोय. पहिल्या दोन घासांतच 'पोट भरलं' म्हणत असतील, तर साधा मलावरोधही असू शकतो. क्वचित जठराचा मोठा आजारही.

मग गोळ्यांचा डबा. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींना मळमळतं, तोंडाला धातूसारखी चव येते. लोहाच्या गोळ्या, अँटिबायोटिक्स, हृदयासाठीचं डिगॉक्सिन हीसुद्धा भूक मारतात. डिगॉक्सिनच्या बाबतीत तर अन्न नकोसं होणं ही मात्रा जास्त झाल्याची खूण असू शकते.

शरीरात जंतुसंसर्ग किंवा गाठ असली, की प्रतिकारशक्तीची रसायनं थेट मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावर परिणाम करतात. काविळीत डोळे पिवळे होण्याआधीच अन्नावरची वासना उडते. बिडी ओढणाऱ्याला बिडीही नकोशी होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि जोडीला भूक नाही, असं असेल तर क्षयाची तपासणी हवीच. ती सरकारी केंद्रात मोफत होते. मूत्रपिंड, थायरॉइड यांच्याही तपासण्या असतात. नैराश्य मात्र रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही, त्याला अपचन म्हणणं सोपं असतं.

दुकानातून परस्पर आणलेलं 'भुकेचं टॉनिक' तर नकोच. त्यात बरेचदा सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध. म्हाताऱ्या माणसांना त्याने गुंगी येते, लघवी अडते.

वजन मात्र दर महिन्याला करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. साठ किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत कारण नसताना तीन किलो घटलं, तर डॉक्टरांकडे जा. जाताना ती नोंद आणि गोळ्यांचा डबा दोन्ही न्या. तोवर चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.