खडकाळ वाटेवरच्या जुन्या पोलादी सायकली

जुन्या माउंटन बाइकचा छंद म्हणजे साधारणपणे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार झालेल्या, पोलादी फ्रेमच्या, सव्वीस इंची जाड टायरांच्या आणि बहुधा पुढच्या चाकाला स्प्रिंगचा चिमटा नसलेल्या सायकली मिळवणे, त्या दुरुस्त करणे आणि मुख्य म्हणजे आयुष्यभर खडबडीत वाटांवर चालवत राहणे. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नाण्यांच्या किंवा तिकिटांच्या संग्रहात वस्तू वापराबाहेर गेल्यावरच तिची जपणूक सुरू होते, तर या छंदात वापर हाच जपणुकीचा भाग असतो. ज्या सायकलीवर कोणी बसत नाही तिच्या हबमधले ग्रीस घट्ट होते, टायरांना चिरा पडतात आणि ब्रेकची वायर आवरणातच गंजून अडकते.

माउंटन बाइक जन्मालाच जुन्या सायकलीतून आली, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुणांनी १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या, भंगारात निघालेल्या जाड टायरांच्या श्विन सायकली स्वस्तात उचलल्या आणि त्या टमालपाइस डोंगराच्या परिसरातील मातीच्या रस्त्यांवरून खाली सोडायला सुरुवात केली. पायडल उलटे दाबले की मागच्या हबच्या आत लागणारा ब्रेक हाच या सायकलींचा आधार असे, आणि उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई व खाली पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच तिथल्या एका उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडले आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. जुन्या फ्रेम हा मारा सोसत नाहीत असे दिसल्यावर १९७७ मध्ये जो ब्रीझ याने अशा वापरासाठीच नवी फ्रेम बनवली, १९७९ मध्ये टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी विक्री सुरू केली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आल्यावर ही सायकल मूठभर हौशी मंडळींपुरती राहिली नाही. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइक शर्यतीचा समावेश झाला, पण तोवर स्प्रिंगचे चिमटे आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेम यांचा काळ सुरू झाला होता, आणि साधी पोलादी सायकल हळूहळू मागे पडू लागली होती.

या सायकलीने नेमके काय सोडवले, हे खानदेशातील वाटांवर चटकन उमगते. जामनेर तालुक्यातील पहूर हे पाचोरा–जामनेर या पूर्वीच्या छोट्या रेल्वेच्या मार्गावरचे आणि जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव वाघूर नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या आजूबाजूला कपाशीची काळी जमीन पसरलेली आहे, तर दक्षिणेला फर्दापूरच्या पलीकडे अजिंठ्याची डोंगररांग आणि तिच्यातून वर चढणारा घाट आहे. या मुलखात अनेक दशके दुधाच्या किटल्या, चाऱ्याचे भारे आणि शाळकरी मुले वाहून नेणारी सायकल म्हणजे अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची काळी सायकल होय, आणि तिच्या चिवटपणाबद्दल आदरच वाटला पाहिजे. तरीही तिच्या मर्यादा रचनेतच आहेत. पुढचे चक्र ४४ दात्यांचे व मागचे फ्रीव्हील १८ दात्यांचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे सरकते, जे सपाट रस्त्यावर सोयीचे असले तरी घाटात गुडघ्यांची परीक्षा पाहणारे असते. उलट जुन्या माउंटन बाइकवर पुढे-मागे २८ दात्यांचा सर्वांत हलका गिअर लावला, तर तोच फेरा दोन मीटरांच्या जरा पुढेच नेतो, म्हणून वेग कमी झाला तरी स्वाराला उतरून सायकल ढकलावी लागत नाही.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच आहे. पावसाळ्यात ही माती चिकट होऊन टायरला थरावर थर बसतो, मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा भरून जाते आणि चाक अक्षरशः फिरेनासे होते, त्यामुळे शेतकरी अशा दिवसांत मडगार्ड काढून ठेवतो किंवा काडीने माती उकरत चालतो. माउंटन बाइकच्या चिमट्यात आणि मागच्या नळ्यांमध्ये टायरभोवती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, ब्रेक चाकाच्या दोन बाजूंना स्वतंत्र उभे असतात, आणि रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येत असल्याने तो खडीवर उसळत नाही व मऊ जमिनीत कमी रुततो. बाभळीच्या काट्यापुढे आणि उन्हाळ्यात वाळून टणक झालेल्या सराट्यापुढे मात्र कोणतीही सायकल सारखीच हतबल आहे, त्यामुळे पंक्चरचे सामान सोबत असावेच लागते.

महाराष्ट्रात जुन्या सायकलींच्या जपणुकीचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहरात, कर्वेनगरमध्ये, विक्रम पेंडसे यांनी अनेक वर्षे जमवलेल्या सायकलींचे संग्रहालय २०१७ मध्ये उघडले गेले आणि तिथे देशोदेशींच्या सायकलींबरोबर दुसऱ्या महायुद्धातील बीएसए कंपनीची छत्रीसैनिकांची घडीची सायकलही पाहायला मिळते. दोन मोठ्या पंखनटांच्या आधारे मधोमध दुमडणारी ही सायकल विमानातून उडी घेणाऱ्या सैनिकाबरोबर खाली उतरवता यावी म्हणून बनवलेली होती, आणि रस्ता नसलेल्या जागी सायकल नेण्याची गरज माउंटन बाइकच्या कितीतरी आधी कशी जाणवली होती, हे तिच्यावरून कळते. त्याहीपूर्वी मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांनी गिअरविना साध्या सायकलींवर जगाची वाट धरली होती: १९२३ मध्ये निघालेल्या सहा जणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली, तर १९२४ मध्ये निघालेल्या फ्रामरोझ दावर यांनी सहारा वाळवंटही सायकलीने ओलांडले. यंत्र साधे असले तरी माणूस कुठवर जाऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मराठी मुलखाच्या आसपास सापडणे कठीण आहे, आणि ही नावे आज इतकी विस्मरणात गेली आहेत याची खंत वाटते.

जुनी माउंटन बाइक पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम रंगापासून सुरू होत नाही, तरी नवशिके बहुधा तिथूनच सुरुवात करतात. आधी फ्रेम तपासावी लागते: हँडलखालच्या आखूड नळीला जिथे तिरकी नळी जोडलेली असते तिथे जोरदार आदळल्याने रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर पडली असेल, तर ती फ्रेम डोंगरात नेण्याजोगी राहिलेली नसते. सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे न हलवता राहिला, की दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे तो तिथेच जखडतो आणि मुरणारे तेल सोडून, दिवसेंदिवस वाट पाहून, थोडाथोडा फिरवत काढावा लागतो. घाई केली तर फ्रेमच पिळते. चेनची कडी अर्ध्या इंचाची असते, त्यामुळे चोवीस कड्या पट्टीवर बरोबर बारा इंच भरायला हव्यात, आणि त्या एक अष्टमांश इंचाने किंवा अधिक वाढलेल्या दिसल्या तर चेनबरोबर दातेही झिजलेले असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून केवळ नवी चेन टाकून भागत नाही. मग हब आणि पायडलखालचा दांडा उघडून छर्रे धुवायचे, खड्डे पडलेले बदलायचे, नवे ग्रीस भरायचे, आणि शेवटी तारा एकेक ताणत चाकाचा आउट काढायचा.

या कामात जुन्या रचनेचा एक मोठा गुण हाती लागतो. त्या काळातल्या अनेक सायकलींना गिअर बदलण्यासाठी हँडलवर अंगठ्याने ढकलायचा साधा खटका असे, ज्यात ठरावीक टप्पे नसून केवळ घर्षणावर वायर हव्या त्या जागी थांबत असे. त्यामुळे मागचे फ्रीव्हील पाच चकत्यांचे असो की सात, एका कंपनीचे असो की दुसऱ्या, स्वार कानाने आणि बोटाने अंदाज घेऊन गिअर बसवू शकतो. नंतर आलेल्या टप्प्याटप्प्याच्या खटक्यांनी काम सोपे केले, पण सुटे भाग एकमेकांशी जुळलेच पाहिजेत अशी अटही त्यांच्यासोबत आली. जळगाव किंवा पाचोऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे परदेशी सुटा भाग सहज मिळण्याची शक्यता कमी असते, तिथे जुना खटकाच अधिक काळ साथ देतो, आणि सव्वीस इंची टायर भारतात अजूनही सर्रास मिळतो ही गोष्टही या छंदाच्या पथ्यावर पडते.

इटलीत १९९७ पासून भरणाऱ्या ‘एरोइका’ या उपक्रमात १९८७ पूर्वीच्या रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकली कच्च्या रस्त्यांवर चालवल्या जातात, तर कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स येथे माउंटन बाइकच्या इतिहासाचे संग्रहालय २०१५ मध्ये सुरू झाले. भारतातील नव्वदच्या दशकातल्या सायकलींना असा वाली अजून मिळालेला नाही. त्या काळात हर्क्युलिस आणि हिरो यांच्या सपाट हँडलच्या, जाड टायरांच्या सायकली गावोगाव पोहोचल्या, आणि हिरोच्या ‘रेंजर’चे नाव तर खानदेशातही अशा कोणत्याही सायकलीला सर्रास दिले जाऊ लागले. साध्या पोलादाच्या जड नळ्यांच्या या सायकली परदेशी संग्राहकांच्या नजरेत भरणार नाहीत, परंतु डोंगरी सायकलीची कल्पना मराठी घरांत ज्या रूपाने आली ते रूप हेच आहे, आणि आज त्याच सायकली भंगारात किलोच्या भावाने जात आहेत. ज्याच्या ओसरीत अशी एखादी सायकल पडून असेल त्याने ती रंगवण्याआधी तिच्या फ्रेमवरचा क्रमांक, मूळ चिकटपट्ट्या आणि असल्यास खरेदीची पावती यांची नोंद करून ठेवावी, आणि सायकल घेऊन गावातल्या वयस्क मिस्त्रीकडे जावे, कारण पायडलचा दांडा जागी धरणारी कॉटर पिन कानशीने कितपत घासायची, जुन्या हबला छर्रे किती आणि कोणत्या मापाचे लागतात, हे त्याला हातानेच ठाऊक असते.