जंतूची ओळखपरेड

वयोवृद्ध रुग्णाला ताप आणि जुलाब झाले की आम्ही डॉक्टर प्रथम विचारतो, "काल काय खाल्ले होते?" लिस्टेरिया या जंतूपुढे मात्र हा प्रश्न थिटा पडतो. दूषित अन्न पोटात गेल्यापासून गंभीर आजार दिसेपर्यंत कित्येक आठवडे, क्वचित ७० दिवसही जातात. इतके जुने जेवण कोणाला आठवणार?

दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाचे १,०६० रुग्ण आढळले. २१६ जण दगावले. देशभर विखुरलेल्या या रुग्णांमधला समान धागा अखेर जंतूच्या जनुकांत सापडला.

अशा तपासाची दोन पावले असतात. पहिले पीसीआर. यात जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. त्यामुळे अत्यल्प जंतूही उघडा पडतो. परंतु मृत जंतूचा डीएनएही यात दिसतो; म्हणून जिवंत जंतू वाढवून पाहण्याची जुनी पद्धत अजून लागतेच. दुसरे पाऊल जनुकीय क्रमवाचनाचे. लिस्टेरियाच्या जनुकसंचातील सुमारे ३० लाख अक्षरे वाचून दोन जंतू एकाच वंशाचे आहेत का, हे ठरवता येते.

तेथील तपासलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांत 'एसटी ६' हा एकच वंश निघाला. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतील एका पाळणाघरातली बालके आजारी पडली. तेथील फ्रिजमधल्या पोलोनीत, म्हणजे तयार मांसाच्या जाड सॉसेजमध्ये, तोच वंश आढळला. माग कारखान्यापर्यंत पोहोचला आणि ४ मार्चला माल परत मागवण्यात आला.

आपल्यासाठी यातला बोध असा, की लिस्टेरिया फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. उष्णतेने मात्र मरतो. साठीपुढील व्यक्ती, मधुमेही, कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइड घेणारे यांना त्याचा धोका अधिक. त्यांना उरलेले अन्न वाफा येईपर्यंत गरम करूनच द्यावे. दूध उकळलेले किंवा पाश्चराइझ केलेले असावे. कच्च्या मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवावेत.

तापासोबत मान आखडली, बोलण्यात असंबद्धता आली, तर घरातली उरलीसुरली अँटिबायोटिक देऊ नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. औषधापूर्वी घेतलेल्या रक्तातच जंतू सापडण्याची शक्यता अधिक असते. जंतू हाती लागला, तरच त्याची ओळख पटते आणि पुढच्या घरातील ताट सुरक्षित राहते.